दोरीची पेन्सिल

शिकागोने रस्ता उचलला त्या वर्षी
आमचं घर होतं तिथंच राहिलं.
आठ फूट भर घातली, गटारांसाठी म्हणे.
एका उन्हाळ्यात तळमजल्याचं तळघर झालं,
भाडं तेवढं खाली उतरलं नाही.
खिडकीतून शहर दिसायचं ते घोट्यापर्यंत.
अक्षरांच्या आधी मी बूट ओळखायला शिकले:
भुसा चिकटलेले, लाकडाच्या वखारीतून परतणारे,
बाबाचे आणि बाबासारख्या शंभरांचे;
पाद्र्याचे, एका टाचेने झिजलेले;
आणि डनिगनचे. पिवळे, करकरणारे,
थंडी पडली की आमच्याच पायऱ्या उतरणारे.

डनिगन वॉर्डाचा माणूस.
आमच्या बोहेमियन बोलीतले तीन शब्द त्याला यायचे:
कोळसा, काम, आणि ‘वाईट झालं’.
तिन्ही तो वेळेवर वापरायचा.
आमचा ओताकर घटसर्पाने गेला तेव्हा
गाडी त्यानेच आणली, काळे घोडे, दोन.
पेटी एवढीशी, एकट्या बापाला उचलेल अशी,
तरी त्याने खांदा दिला.
बाबा हे कधी विसरला नाही.
डनिगननेही विसरू दिलं नाही.

मतदानाला तो बाबाच्या हातात तांबूस चिठ्ठी ठेवायचा.
घडी घालायची नाही, उंच धरायची,
थेट पेटीपर्यंत, चार लोकांना दिसेल अशी.
बाबा ती वाऱ्यातल्या मेणबत्तीसारखी जपत न्यायचा.
संध्याकाळी दारात कोळशाची बादली.

मग सुधारणा आली.
तिचं नाव मिस ऑल्ड्रिच,
पायऱ्या उतरताना तिने झगा दोन्ही हातांनी धरला होता.
‘तुझ्या वडिलांचं मत विकत घेतलं जातं,’ ती म्हणाली,
‘हे त्यांना नीट समजावून सांग.’
मी सांगितलं.
बाबा म्हणाला, ‘विचार तिला,
ओताकरच्या वेळी ही कुठं होती?’
तेवढं मी भाषांतर केलं नाही.
म्हटलं, ‘ते आपले आभारी आहेत.’

नवा कायदा. आता चिठ्ठ्या सरकारच्या,
सगळ्या पांढऱ्या, टेबलावरच्या चादरीएवढ्या,
आत पडदा, आत फळी,
फळीला दोरीने बांधलेली पेन्सिल.
ज्याला वाचता येत नाही त्याने
सगळ्यांदेखत तशी शपथ घ्यायची,
मग कारकून मदत करील.
वखारीत वीस वर्षं
फळ्यांवरचे आकडे रेषा मोजून ओळखणारा माझा बाप
रात्री माझी पाटी घेऊन बसला.
मी दोन्ही पक्षांची नावं लिहिली.
तो एका अक्षराला म्हणाला, हा तर घोड्याचा नाल,
दुसऱ्याला म्हणाला, दार, अर्धं उघडं.
मी अकरा वर्षांची. मला सगळं वाचता येत होतं
आणि मला ते कधीच विचारलं जाणार नव्हतं.

त्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी राहिले.
डनिगनही होता, चिरूट विझलेला,
पडद्याखालून दिसणाऱ्या बुटांकडे बघत.
बाबाचे बूट आत गेले.
कितीतरी वेळ हललेच नाहीत.
मग एकदा टाचा उचलल्या,
वरच्या फळीवरचं काही काढताना उचलाव्यात तशा.
बाहेर आला तेव्हा चेहरा
बंद दुकानासारखा. डनिगनने विचारलं, मी विचारलं,
आईने चार वेळा विचारलं.
आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ
स्वतःचं असं काही होतं, आणि तो ते देईना.

जेवणं झाल्यावर खिशातून काढून
माझ्यापुढे ठेवली: सरकारी पेन्सिल,
मागे बोटभर दोरी, दातांनी तोडलेली.
म्हणजे मत दिलं का त्याने,
की तेवढा वेळ दोरीच तोडत होता?

त्या हिवाळ्यात पिवळे बूट
खिडकीवरून करकरत गेले. उतरले नाहीत.
मिस ऑल्ड्रिचने एक कॅलेंडर पाठवलं.
मी पहाटे रुळांवर जायचे, पोतं घेऊन,
वॅगनमधून सांडलेलं वेचायला,
आणि कॅलेंडरच्या पाठीवर त्याच पेन्सिलने लिहायचे:
मंगळवार, एकोणीस खडे.
बुधवार, सात.
गुरुवार, बारा, पैकी एक दगड निघाला.